हिस्सा आधी, हिशोब नंतर

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार, वय 52. चार एकर जमीन, त्यातली दीड एकर बाग. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. आईला अर्धांगवायू झालाय, ती आमच्याकडेच असते. मला दोन बहिणी. अक्काचं लग्न 1991 ला झालं, धाकटीचं 1999 ला. वडिलांमागे वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि दोघींचं नाव लागलं. आमच्या भागात बहिणी हक्कसोड करून देतात, ती रीतच आहे. अक्का तयार आहे. धाकटी पुण्यात असते, स्वतःचा फ्लॅट आहे. तिने दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं, "दादा, मी सही करणार नाही." तेव्हापासून बोलणं बंद आहे.

धाकटीच्या लग्नाला वडिलांनी कर्ज काढलं, ते मी फेडलं. बाग मी उभी केली, सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे. आईचं सगळं आम्ही करतो. आमच्या मिसेसनी 2011 ला त्यांच्या भावाला हक्कसोड करून दिलं, कधी कुरकुर केली नाही. तुम्ही या सदरात समानतेवर लिहिता म्हणून विचारतो. जबाबदारी एकाची आणि हिस्सा सगळ्यांना सारखा, ही कसली समानता? तिला काही मर्यादा आहे की नाही?

— एक भाऊ

उत्तर : दादा, समानतेला मर्यादा आहेत. तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारी नेमक्या त्या मर्यादांवर बोट ठेवतात, तेव्हा त्या मी हसण्यावारी नेणार नाही. पण आधी कायद्याचं उरकून घेऊ. कारण हिस्सा द्यायचा की नाही हे जणू तुम्ही ठरवायचं आहे, असा पत्राचा सूर आहे. धाकटीने तुमच्याकडे काहीच मागितलेलं नाही. जे तिच्या नावावर आहे ते लिहून द्यायला तिने नकार दिला, एवढंच घडलंय.

जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नसल्यामुळे तुमच्या घरात हिशोब एकाच जागी येतो. आई, तुम्ही, अक्का आणि धाकटी, प्रत्येकी चौथा हिस्सा. चार एकरांत प्रत्येकाचे 40 गुंठे. वडिलोपार्जित जमिनीला 1994 पूर्वीचा नियम लागला असता तर आधी वडील, तुम्ही आणि आई अशी तीन भागांत कागदोपत्री वाटणी धरली असती, आणि बहिणींना फक्त वडिलांच्या भागातला चौथा हिस्सा मिळाला असता. म्हणजे तुमचे 66 गुंठ्यांच्या वर आणि त्यांचे प्रत्येकी जेमतेम 13. पाचपट फरक, आणि तोही कायद्याने दिलेला.

22 जून 1994 पासून महाराष्ट्राने मुलीला जन्माने सहहिस्सेदार केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे त्या कायद्याने तुमची धाकटी आत आली आणि अक्का बाहेर राहिली. दोघी एकाच आईच्या, फरक फक्त लग्नपत्रिकेवरच्या तारखेचा! हा भेद केंद्राने हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून गेला, शेतजमिनीबाबतचा अपवादही त्याच वेळी काढून टाकला गेला. वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते यावरून जे फाटे फुटत होते, ते सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्याच्या निकालात बंद केले. तेव्हा "अक्का तयार आहे" असं तुम्ही लिहिता त्यात तिच्या मनाचा मोठेपणा असेलही. पण लग्नानंतरची 14 वर्षं तिला जन्मसिद्ध हक्क कायद्यानेच नाकारला होता, हेही विसरू नका. नाही म्हणायची तिला कधी सवयच लागली नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सगळ्यांना डोळे मिटून सारखं वागवा, असं आपली घटनाही म्हणत नाही. कलम 14 कायद्यापुढे समानता देतं आणि लगेच पुढच्या कलमात स्त्रियांसाठी, मुलांसाठी, मागास राहिलेल्यांसाठी वेगळी तरतूद करायची मुभाही देतं. न्यायालयांनी यातून काढलेली कसोटी साधी आहे. फरक करायचा असेल तर त्याला कारण हवं, आणि त्या कारणाचा मूळ हेतूशी संबंध हवा. तुमच्या पत्रातले मुद्दे मी याच कसोटीला लावून बघितले. तुम्हीही बघा. मुद्दा उलटा करायचा: हेच धाकटीने केलं असतं आणि तुम्ही पुण्याला असता, तर तुम्हाला तो पटला असता का?

"तिचा पुण्यात फ्लॅट आहे" हा मुद्दा इथेच पडतो. तुमचा सांगलीत फ्लॅट असता म्हणून तुम्ही सातबाऱ्यावरून नाव काढू दिलं असतंत का? हक्काला गरजेचा दाखला लागत नाही. मुलग्याकडे तो कुणी मागत नाही, मुलीकडे मात्र लगेच मागतात.

लग्नाच्या कर्जाचंही तेच. लग्नाचा खर्च मुलीच्या हिश्शातून वजा होतो असं कायद्यात कुठेही नाही. तुम्ही 1999 नंतर ते कर्ज फेडलंत, त्यासाठी राबलात, यात शंका नाही. पण फेडलंत ते याच चार एकरांच्या उत्पन्नातून, आणि ती जमीन तेव्हाही एकट्या तुमची नव्हती. मांडव तुमच्याही लग्नात पडलाच असेल, त्याचा खर्च कुणाच्या हिश्शातून कापला?

"रीत आहे" यावर फार बोलत नाही. रीत कशी चालते ते आपण दोघेही जाणतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीला गाडीने न्यायचं, सही झाली की साडीचोळी करायची, वाटेत हॉटेलात जेवण. आणि सही न करणारीला माहेर बंद. तुमच्या पत्रातलं "बोलणं बंद आहे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. धाकटीला त्या दिवाळीत 40 गुंठे आणि माहेर यांतलं एक निवडायला लागलं. तुम्हाला अशी निवड करायची वेळ कधी आली नाही, येणारही नाही. हिंदूंचे वारसा-विवाहाचे नियम एकत्र बांधणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्माच हिस्सा होता, डॉ. आंबेडकरांच्या प्रवर समितीने तो बरोबरीचा केला. पुढे बिल रखडलं, आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं त्यामागे ते एक मोठं कारण होतं. त्याआधी, 25 नोव्हेंबर 1949 ला, घटना समितीत त्यांनी बजावलं होतं की राजकारणात आपण समान होऊ पण समाजात आणि अर्थकारणात विषमता तशीच राहील, आणि या विसंगतीत फार काळ जगता येणार नाही. तुमच्या घरात ही विसंगती दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी उभी राहिली. मतदानाला तुम्ही आणि धाकटी सारखेच, सातबाऱ्याला आलं की ती पाहुणी.

बागेचा मुद्दा मात्र कसोटीला उतरतो. अँगल, तारा, ठिबक, बोअर, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, अवकाळीच्या रात्री जागून काढलेल्या फवारण्या. हे तुम्ही केलंत, आणि उद्या धाकटीने केलं असतं तर तिचंही तितकंच मानलं असतं. हा फरक माणसाच्या कामाचा आहे, त्याच्या मुलगा असण्याचा नाही. न्यायालयंही वाटप करताना ज्याने जो भाग सुधारला तो शक्यतो त्याच्याच वाट्याला देतात. तुम्ही तसं स्पष्ट मागा: बागेची दीड एकर आणि तिच्यावरचं कर्ज माझ्याकडे, आणि त्या दीड एकराची किंमत बागेशिवायची धरायची. तुमच्या 40 गुंठ्यांच्या वरची 20 गुंठे त्यात येतात, तेवढ्याचे पैसे बाकीच्यांना द्यावे लागतील. हे मागण्यात कमीपणा नाही. पण हिशोब काढायचा तर दोन्ही बाजूंचा निघतो, याचीही तयारी ठेवा. वडील गेल्यापासूनच्या तीन हंगामांत चौघांच्या जमिनीचं उत्पन्न एकट्याने घेतलंत, असं उद्या धाकटी म्हणाली तर ते खोटं नसेल.

आणि आता आई. तुमच्या सगळ्या मुद्द्यांत हा सर्वांत वजनदार, आणि याच मुद्द्यापाशी मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

"आईचं सगळं आम्ही करतो" असं तुम्ही लिहिलंत. अर्धांगवायू झालेल्या माणसाचं सगळं म्हणजे कूस बदलणं, अंथरूण बदलणं, भरवणं, शी-शू, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठणं. हे तुमच्या घरात कोण करतं? चुकत असेन तर कळवा, पण मला वाटतं यातलं बहुतेक तुमच्या पत्नी करतात. शिवाय बागेत विरळणीला, थिनिंगला, बेदाण्याच्या शेडवर त्या असतीलच. सांगली जिल्ह्यात ज्या घरची बाई बागेत जात नाही असं घर दाखवा.

आता त्यांच्या नावावर काय आहे ते बघा. 2011 ला माहेरचा हक्क सोडला, भावासाठी. सासरी सून. सासऱ्यांच्या जमिनीत सुनेला हिस्सा नाही. तुमच्यामागे विधवा म्हणून मिळेल तो, तोपर्यंत काही नाही. ज्या बाईच्या कष्टांच्या जोरावर तुम्ही धाकटीला "जबाबदारी कुणाची" असं विचारताय, तिच्याकडे दोन्हीकडचे मिळून शून्य गुंठे आहेत. आणि तिने कुरकुर केली नाही हा तुम्ही धाकटीविरुद्ध पुरावा म्हणून वापरलात! दादा, बायकोने सोडलं म्हणून बहिणीने सोडावं आणि बहिणीने सोडलेलं पुन्हा तुमच्याच नावावर यावं, हा फेरा जरा लांब उभं राहून बघा.

इथे समानतेची खरी मर्यादा आहे, तुम्ही दाखवली त्याहून मोठी. वारशाचा कायदा जन्म मोजतो, घाम मोजत नाही. पोटी जन्मलेल्या सगळ्यांना त्याने सारखं केलं, हे मोठंच काम झालं, पण लग्न करून आलेली बाई आयुष्यभर त्या जमिनीत राबली तरी तिच्यासाठी त्याच्याकडे रकाना नाही. गोव्यात गोष्ट वेगळी आहे. तिथल्या नागरी कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामायिक धरतात. तुमच्या पत्नी सांगलीऐवजी गोव्यातल्या सांग्याला नांदत असत्या तर त्यांची सही घेतल्याशिवाय तुम्हाला गुंठाभर जमीन विकता आली नसती. आपल्याकडे हे पुरुषाच्या मर्जीवर सोडलंय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि 1990 च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावावर केला. तेही तुमच्यासारखेच कर्जात बुडालेले शेतकरी होते, कुणी शहाणपण शिकवायला आलेले शहरातले लोक नव्हेत. पुढे सरकारनेही नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तलाठ्याकडे चौकशी करा.

जबाबदारी समान हवी, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि कायद्यालाही मान्य आहे. लग्न झालेली मुलगीसुद्धा आईवडिलांच्या पोषणाला बांधील आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलंय. तो खटलाही महाराष्ट्रातलाच, वडिलांनी डॉक्टर मुलीविरुद्ध लावलेला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातही 'मुलं' म्हणताना मुलगा-मुलगी दोन्ही धरलेत. तेव्हा धाकटीकडे आईच्या औषधपाण्याचा, फिजिओथेरपीचा, मदतीला ठेवायच्या बाईचा वाटा मागा. वर्षातून काही आठवडे आईला ती घेऊन जाईल किंवा इथे येऊन राहील का, तेही विचारा. पण मागताना हक्कसोडीचा कागद खिशात ठेवून मागू नका. आजवर तुम्ही तिच्याकडे हे मागितलं होतंत का? पत्रात तसा उल्लेख नाही. बहुधा "दिल्या घरची, तिला कशाला त्रास" म्हणून सोडून दिलं असेल. मुलीला जबाबदारीतून वगळायचं ते परकी म्हणून, आणि हिश्श्यातूनही वगळायचं ते जबाबदारी घेतली नाही म्हणून, ही गाठ तुमच्या आधीच्या पिढ्यांनी मारलेली आहे. सोडवायची वेळ तुमच्यावर आली, हे खरंच.

अजून एक राहिलं. तुमच्या हिशोबात आई फक्त खर्चाच्या बाजूला दिसते. ती एक एकराची मालकीण आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला मिळालेली अशी मालमत्ता पूर्णपणे तिची स्वतःची असते, ती कुणालाही देऊ शकते. सेवेचं मोल व्हावं असं तुम्हाला वाटत असेल तर त्याचा सरळ रस्ता आईच्या 40 गुंठ्यांतून जातो. तिचं भान शाबूत असेल आणि तिला स्वतःला वाटलं तर ती मृत्युपत्राने आपला हिस्सा सांभाळणाऱ्याला देऊ शकते. डॉक्टरांचा दाखला घ्या, साक्षीदार घरचे नसोत, आणि लिहिताना तुम्ही खोलीत नसलात तर उत्तम. मी तिच्या जागी असते तर सुनेच्या नावाने केलं असतं, पण ते तिचं तिने ठरवायचं. जिवंतपणी बक्षीसपत्र करायचंच झालं तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या. ती पाळली नाही तर 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून घेता येतं.

धाकटीच्या हिश्शाचं काय करायचं, हा व्यवहाराचा भाग त्यामानाने सोपा आहे. तिला पुण्याहून येऊन नांगर धरायचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जमीन एकत्र ठेवून तिला दरवर्षी खंड देता येईल. किंवा तिचा हिस्सा तुम्ही हप्त्याने विकत घ्या. ती विकणार असेल तर आधी घ्यायचा हक्क वारसांना असतो, आणि हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 ला स्पष्ट केलंय. जमीनच वाटायची तर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज होतो, फक्त जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात ते बसतं का हे आधी बघा. जे ठरेल ते नोंदणीकृत करा. हक्कसोडपत्रात "विनामोबदला" लिहायचं आणि मागून पाकिटात पैसे द्यायचे, असला प्रकार नको. त्यातून दहा वर्षांनी तुमची मुलं कोर्टात उभी राहतात. आणि सातबाऱ्यावरच्या नावावरून भांडू नका. ती नोंद महसुलासाठी असते. नाव काढलं म्हणून हक्क जात नाही.

या सगळ्याच्या आधी फोन तुम्ही करायचा. तुम्ही मोठे आहात, आणि बोलणं तुमच्याकडून बंद झालंय. पहिल्याच वाक्यात सांगा की हिस्सा तुझा आहे, त्याबद्दल वाद नाही. मग बाग, कर्ज, आई, सगळं मांडा. हिस्सा आधी मान्य झाला की हिशोबाला माणसं मोकळ्या मनाने बसतात. हिशोब पुढे करून हिस्सा नाकारला की बागेचा एकेक खांबही खोटा वाटायला लागतो. ती चिडलेली असेल, लगेच गोड बोलणार नाही. बोलू दे.

अक्काचा कागद मात्र सध्या थांबवा. तिला बसवून आकडा सांगा: 40 गुंठे, आजच्या भावाने इतके लाख. एकरी भाव तुम्ही पत्रात लिहिलाय, तो मी इथे छापत नाही, पण अक्काला तो कुणी सांगितलेला नसावा असा माझा अंदाज आहे. तिच्या मुलांसमोर सांगा. धाकटीला काय मिळणार तेही सांगा. विचार करायला तिला हवा तेवढा वेळ द्या. त्यानंतरही ती म्हणाली की मला नको, तर तिच्या वकिलाकडून कागद करून घ्या.